चासीला पिळू द्या

ऑस्ट्रेलियात टोयोटाची लँड क्रूझर ७९ घ्यायला गेलेल्या माणसाला अर्धीच गाडी दिसते. पुढे बॉनेट, कॅब, सीट सगळं जागच्या जागी. कॅबच्या मागे मात्र दोन उघडे लोखंडी दांडे, त्यांच्यामधून गेलेला प्रोपेलर शाफ्ट, कमानपाटे आणि चाकं. हौदा नाही, फाळका नाही. कारखान्यातून ती अशीच येते, मागे काय बसवायचं ते घेणाऱ्याने ठरवायचं. मेंढ्या नेणारा शेतकरी पोलादी ट्रे बसवतो, खाणीतला फिटर हत्यारांची कपाटं बसवतो, आणि वाळवंटात महिनाभर भटकायला निघालेलं जोडपं ॲल्युमिनियमचा सपाट ट्रे करून घेऊन त्यावर झोपण्याची पेटी चढवतं.

या देशाने सुरुवात मात्र उलटीकडून केली होती. १९३४ साली फोर्डच्या जिलाँग इथल्या कारखान्यात ल्यू बँट या तरुण आरेखकाने मोटारीची कॅब आणि मागचा हौदा एकाच अंगाचा करून दाखवला. गिप्सलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला पत्र लिहून रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी मागितली होती, अशी त्यामागची हकिकत सांगतात. बऱ्या रस्त्यावर आणि बेताच्या ओझ्याला हे एकसंध अंग चांगलंच चाललं. पण ओझं टनाच्या घरात गेलं आणि रस्ता संपला, की कॅब वेगळी, हौदा वेगळा आणि दोघांना पेलणारी शिडीच्या आकाराची चासी खाली, ही जुनीच रचना तग धरते. हौदा हा किती सुटा भाग आहे, हे अमेरिकेच्या जकातखात्यालाही कळून चुकलं होतं. १९६४ पासून तिथे परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातशुल्क होतं, पण हौद्याविना आलेल्या चासी-कॅबवर अवघं ४ टक्के. मग सत्तरच्या दशकात जपानी पिकअप हौद्याविनाच बंदरात उतरू लागल्या आणि हौदे अमेरिकेत चढू लागले. टोयोटाचं उत्तर अमेरिकेतलं पहिलं उत्पादन मोटारींचं नव्हतं. ते कॅलिफोर्नियात लाँग बीचला बनणाऱ्या या हौद्यांचं होतं. १९८० मध्ये ही पळवाट बुजवली गेली.

सुटा भाग आहे म्हणजे चार बोल्ट आवळले की काम झालं, असं मात्र नाही. ट्रे बांधणाऱ्याचं कसब वेल्डिंगच्या रेघेत फारसं दिसत नाही. ते ट्रे चासीवर कसा बसवला यात दिसतं. फसलेले ट्रे पाहिले तर बहुतेक वेळा दोष कमकुवतपणाचा नसतो, नको तिथे ताठ केल्याचा असतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पिकअपचं पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक अशी तिरकी जोडी फूटभर उंच ठोकळ्यांवर चढवावी आणि कॅबच्या मागे उभं राहावं. आधी कमानपाटे आणि पुढच्या स्प्रिंगा जेवढं द्यायचं तेवढं देतात. त्यांची हद्द संपली की उरलेला पीळ चासी घेते. कॅबच्या मागच्या काचेची उभी कड आणि ट्रेच्या पुढच्या जाळीच्या चौकटीचा उभा खांब सपाट जमिनीवर एकमेकांना समांतर होते. आता ते समांतर राहत नाहीत. कॅब एकीकडे कललेली, चौकट दुसरीकडे. खाली चासीपाशी फरक कळतही नाही, पण वर टेप लावली तर कळतो. दोन अंशांचा पीळ म्हणजे मीटरभर उंचीवर साडेतीन सेंटीमीटरांची तफावत. कॅब आणि चौकट यांच्यात पाचेक सेंटीमीटर फट का सोडतात, याचं उत्तर इथे मिळतं. सामान जास्त बसावं म्हणून ती फट मारून चौकट कॅबला खेटवणाऱ्यांच्या गाडीची मागची काच एक दिवस जाते.

चासी पिळते ती दुबळी म्हणून नव्हे. खडबडीत जमिनीवर चारही चाकं टेकलेली राहावीत म्हणून तिला थोडं पिळावंच लागतं. मर्सिडीजच्या उनिमॉग या ट्रकमध्ये तर हे मुद्दाम भरपूर होऊ दिलेलं आहे. आता या पिळणाऱ्या शिडीवर तुम्ही जे ठेवता ते दोन प्रकारचं असू शकतं. नुसता सपाट ट्रे, म्हणजे लांबीत दोन रनर, त्यांवर दर फूट-दीड फुटाला आडवा चॅनल आणि वर पत्रा, हाही स्वतः बऱ्यापैकी पिळतो. बंद चौकोनी नळीचं वजन त्याच मापाच्या उघड्या ‘सी’ चॅनलच्या दीडपटच असलं, तरी पीळ सोसण्यात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो: १०० बाय ५० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची नळी त्याच मापाच्या चॅनलपेक्षा पाचशे पटींच्या आसपास जास्त ताठ. म्हणून आडव्या चॅनलांचा साधा उघडा ट्रे चासीच्या मागोमाग वळतो आणि थेट बोल्टने बसवला, मध्ये रबर किंवा लाकूड असलं, तरी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

गोष्ट बिघडते ती त्या ट्रेवर पेटी चढली की. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका झाकण काढून हातात पिळून पाहा, मुकाट पिळतो. झाकण चिकटवून पिळा, पिळत नाही. ट्रेवर चारी बाजूंनी भिंती आणि छत असलेली पेटी वेल्ड केली, की ट्रे आणि पेटी मिळून एक बंद खोका होतो. आता खाली चासी पिळू पाहते, वर खोका नाही म्हणतो, आणि भांडण मधल्या जोडांवर येतं. आधी पेटीचे दरवाजे जाम होऊ लागतात, मग कोपऱ्यातलं सीलंट फाटतं आणि धूळ आत येते, मग वेल्ड चिरतात. वेल्डही दणकट निघाले तर शेवटी चासीच चिरते. दणकटपणा वाढवत नेला की बिघाड फक्त जास्त महागड्या भागात सरकतो.

यावरचा उपाय जुना आहे. ट्रेचा एक भाग चासीला पक्का धरायचा आणि उरलेल्या ठिकाणी थोडी मोकळीक द्यायची. पेटीवाल्या मध्यम ट्रकवर सहसा मागच्या बाजूला पक्के बोल्ट असतात आणि कॅबजवळच्या बोल्टांवर दाबलेल्या जाड स्प्रिंगा. सपाट रस्त्यावर स्प्रिंग ट्रेला खाली दाबून धरते. चासी पिळली की दांडा रनरपासून क्षणभर सुटतो आणि पीळ सरला की परत बसतो. उचललं जाऊ दे, पण आजूबाजूला सरकता कामा नये, म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची मार्गदर्शक कान लावतात. दुसरी तऱ्हा तीन बिंदूंची: मागे दोन पक्के टेकू, पुढे मधोमध एकच फिरता सांधा. तीन पायांचं स्टूल कुठेही डगमगत नाही, हे भूमितीच सांगते. उनिमॉगवर चार बिंदू असतात, पण ते चौकटीच्या कोपऱ्यांवर नसून तिच्या बाजूंच्या मध्यांवर: मधल्या दोन बाजू पक्क्या, पुढचा आणि मागचा सांधा गाडीच्या मध्यरेषेवर आणि फिरता. माझं मत विचाराल तर पिकअपवर नुसता ट्रे असेल तेव्हा या करामतींची गरज नाही. पेटी येणार हे पहिल्या दिवशीच माहीत असेल, तर स्प्रिंगांचा खर्च आधीच करावा. नंतर करायला गेलं की अर्धा ट्रे उसवावा लागतो.

रनरच्या पुढच्या टोकाची एक बारीक बाब आहे, आणि ती चुकलेली वारंवार दिसते. चॅनल काटकोनात कापून सोडला तर त्याच्या टोकाशी, म्हणजे नेमकं कॅबच्या मागे, चासीचा ताठपणा एकदम बदलतो. वाकण्याचा सगळा ताण त्या एका रेषेवर जमतो. म्हणून ट्रक कंपन्यांच्या बॉडी-बिल्डरसाठीच्या सूचनांमध्ये हे टोक तिरकं, निमुळतं कापायला सांगतात. त्याच सूचनांमध्ये चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडायला किंवा वेल्ड करायला मनाई असते. वाकताना सर्वाधिक ताण या दोन पट्ट्यांवर येतो, उभ्या मधल्या पत्र्यावर तो कमी असतो; भोक पाडायचंच असेल तर तिथे. कारखान्याने आधीच पाडून ठेवलेली भोकं वापरता आली तर सोन्याहून पिवळं.

आता वजन. एक चौरस मीटर, ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा साडेतेवीस किलो भरतो, तेवढाच ॲल्युमिनियमचा आठ किलो. २.४ बाय १.८ मीटरच्या ट्रेला नुसता तळाचा पत्रा म्हणजे पोलादात १०२ किलो, ॲल्युमिनियममध्ये ३५. हिशेब इथेच संपवून ॲल्युमिनियमच्या बाजूने कौल देणारे बरेच असतात. पण ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश, त्यामुळे चॅनल जास्त खोल घ्यावे लागतात. ज्या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेने वाढवलेली असते, त्याला वेल्ड करताच जोडाच्या आसपास ती ताकद बरीच उतरते. शिवाय पोलादाला एका मर्यादेखालचा ताण लाखो वेळा दिला तरी चालतो. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते, प्रत्येक हादरा खात्यावर जमा होतो. आणि हादऱ्यांची कमतरता नाही. किंबर्लीतल्या गिब रिव्हर रस्त्याच्या सुमारे ६६० किलोमीटरांचा मोठा भाग कच्चा आहे, आणि तो आडव्या बारीक लाटांनी भरलेला असतो. चाकं आणि सुटी माती यांच्या नात्यातूनच अशा लाटा आपोआप उठतात, हे कीथ मॅदर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात प्रयोगाने दाखवलं. रस्ता नीट केला तरी त्या परत येतात.

म्हणून दुरुस्तीची सोय पाहणारे पोलादाकडे झुकतात. चिरलेला पोलादी चॅनल कुठल्याही मोठ्या शेतावर साध्या वेल्डिंग मशीनवर जोडता येतो; ॲल्युमिनियमला आरगॉन वायू आणि सराईत हात लागतो. खाली पोलादी सांगाडा आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा असा मध्यममार्गही चालतो, पण दोन धातूंच्या मध्ये रबर किंवा नायलॉनची पट्टी हवीच. ती नसली आणि ओल शिरली, विशेषतः खारी, की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

पोलादी ट्रेला गंजापासून वाचवायला गरम जस्तात बुडवणं हा सर्वांत टिकाऊ मार्ग. जस्ताचं कुंड साधारण ४५० अंश सेल्सिअसला असतं. चौकोनी नळ्यांची तोंडं वेल्ड करून बंद केली असतील आणि आत ओल राहिली असेल, तर वाफ होऊन नळी कुंडातच फुटू शकते. म्हणून प्रत्येक बंद नळीला दोन्ही टोकांशी भोकं ठेवतात: एक जस्त आत जायला, एक हवा बाहेर पडायला. हीच भोकं पुढे पाणी निथळायलाही कामी येतात. पातळ पत्रा मात्र या उष्णतेत वेडावाकडा होतो, तेव्हा सांगाडा बुडवावा आणि पत्रा नंतर बसवावा.

भारक्षमतेचा हिशेब कागदावर मांडला की बरेच मनसुबे विरतात. समजा कंपनीच्या कागदात १,२०० किलो लिहिलेत. चासी-कॅबच्या त्या आकड्यात ट्रे धरलेला नसतो. पोलादी ट्रे २५० किलो, त्यावरची हत्यारांची पेटी १५०, पुढचा दणकट बंपर ८०, विंच ३५, दुसरं जादा चाक ४०, दोन माणसं १६०, जादा टाकीतलं १०० लिटर डिझेल ८४, आणि ८० लिटर पाणी. झाले ८७९. उरलेल्या ३२१ किलोंत तंबू, फ्रीज, बॅटरी, शिधा आणि हत्यारं बसवायची. हॉल्स क्रीक ते विलुना हा सुमारे १,८५० किलोमीटरांचा कॅनिंग स्टॉक मार्ग करायचा तर १०० लिटर जादा डिझेलवर भागत नाही, म्हणजे शिल्लक आणखी घटते.

आणि किलोंइतकंच महत्त्वाचं, ते किलो कुठे ठेवलेत. लँड क्रूझर ७९ च्या दोन आसांतलं अंतर ३,१८० मिलिमीटर. ट्रेच्या अगदी मागच्या कडेला दोन जादा चाकं आणि डिझेलचे कॅन मिळून १५० किलो टांगले, मागच्या आसापासून १,०६० मिलिमीटर मागे. साध्या तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरचे ५० किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर १५० नव्हे, २०० किलो येतात. पुढची चाकं हलकी झाल्याने स्टिअरिंग सैल लागतं, आणि आसाच्या मागची चासी प्रत्येक खड्ड्यात या तरफेचा तडाखा खाते. उभ्या गाडीतले १५० किलो आदळताना कित्येक पट होतात. ऑस्ट्रेलियात वाकलेल्या चासीच्या डबल-कॅब गाड्या दिसतात त्या बहुतेक याच जातीच्या: आसामागे जड सामान, त्यात भर म्हणून मागे कॅराव्हॅन, आणि बसलेल्या पाट्यांना आधार म्हणून घातलेल्या हवेच्या पिशव्या. पाटा आपलं वजन दोन टोकांशी चासीवर टाकतो. पिशवी तेच वजन मधल्या एका बिंदूवर टाकते. गाडीची शेपूट उंचावते, मालक खूश होतो, आणि चासी नेमकी तिथेच मोडते. तेव्हा पाण्याची टाकी, बॅटऱ्या, हत्यारं हे सगळं आसाच्या पुढे, कॅबलगत आणि शक्य तितकं खाली. तिथल्या कायद्यात मागच्या आसापलीकडची लांबी आसांतल्या अंतराच्या ६० टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत. या गाडीला ते १,९०८ मिलिमीटर होतात. कायदा एवढी मुभा देतो म्हणून ती संपवलीच पाहिजे असं नाही.

मग हा खटाटोप करायचा कशाला, हौदा काय वाईट? हौद्यात चाकांच्या कमानी आत येतात. ऑस्ट्रेलियातलं प्रमाणित पॅलेट १,१६५ मिलिमीटर चौरस, आणि बऱ्याच पिकअपच्या हौद्यात दोन कमानींमध्ये ते मावत नाही. ट्रे चाकांच्या वरून जातो, त्यामुळे सगळी रुंदी वापरता येते, तिन्ही बाजूंचे फाळके पाडता येतात, झाडाला घासून एक फाळका चेपला तर तेवढाच बदलता येतो. किंमत मोजावी लागते ती उंचीत. ओझं वर जातं, तिरक्या उतारावर गाडी लवकर घाबरवते. उंची वाचवायला ट्रे खाली आणला तर टायर घासतात. म्हणून बांधणीच्या वेळी एक चाक पूर्ण वर दाबून, टायर आणि ट्रेचा तळ यांच्यातली जागा हाताने चाचपून बघावी लागते. मागचे खालचे कोपरे तिरके छाटले की नाल्यातून वर चढताना ट्रे जमिनीला लागत नाही. डिझेल भरायची नळी, मागचे दिवे आणि त्यांच्या वायरी यांना चासी आणि ट्रे यांच्यातली हालचाल सोसेल एवढी ढील ठेवली नाही, तर पहिल्याच सफरीत दिवे जातात.

सामान बांधायच्या कड्या पत्र्याला नव्हे, आडव्या चॅनलला जोडायच्या. ऑस्ट्रेलियाच्या नियमांप्रमाणे बांधणीने पुढच्या दिशेला ओझ्याच्या ८० टक्के, बाजूंना आणि मागे ५० टक्के आणि वरच्या दिशेला २० टक्के एवढा जोर झेलला पाहिजे. २०० किलोंची पेटी असेल तर ब्रेक लावताना १६० किलोंचा धक्का पुढच्या कड्यांवर आणि चौकटीवर.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. महामार्गालगतच्या वर्कशॉपांत ट्रकची बॉडी बांधताना चासी आणि रनर यांच्यामध्ये कठीण लाकडाची पट्टी घालून यू-बोल्टने आवळायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लाकूड हादरा खातं, लोखंडावर लोखंड घासू देत नाही आणि थोडा पीळही पोटात घालतं. चासीला ना भोक, ना वेल्ड. मुंबईची महिंद्रा ऑस्ट्रेलियात आपली पिक-अप चासी-कॅब रूपातही विकते, आणि तिथले लोक तिच्यावर असेच ट्रे चढवतात. आपल्या रस्त्यावर मात्र हौस करण्याआधी कागद बघावे लागतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक ठणकावून सांगितलं. हौद्यासकट नोंदलेली पिकअप घेऊन हौदा कापण्यापेक्षा, चासी-कॅब म्हणून विकली जाणारी गाडी घेऊन मान्यताप्राप्त बांधणाऱ्याकडून ट्रे करून घेणं आणि तसाच तो आरटीओत नोंदवणं हा सरळ मार्ग. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा बघतो ते आरसी पुस्तकातलं वर्णन.

नवा ट्रे बसला की पाचेकशे किलोमीटरांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. रबर आणि लाकूड बसतं, ताण उतरतो. त्यानंतर दर खडतर सफरीनंतर गाडी धुऊन दोन जागा बॅटरी मारून बघायच्या: कॅबमागे रनरचं टोक चासीवर संपतं ती, आणि मागच्या पाट्याच्या पुढच्या खुंटीजवळची. रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि तिच्या कडेने तांबूस डाग आला असेल, तर ती चीर आहे. त्यावर पट्टी वेल्ड करून निघून जाऊ नये. ताण फक्त पट्टीच्या पुढच्या कडेला सरकतो. आधी बोल्ट सोडून ट्रे उचलावा आणि तो चासीला नेमका कुठे अडवत होता ते शोधावं.